तुम्ही खर्रा सोडला होता, असं मी सांगत आले

तुमच्याशी मी अजून बोलत नाहीये. हे लिहिते आहे, कारण लिहिताना तुम्हाला मध्येच उठून जाता येत नाही. ती तुमची जुनी सवय. वाद रंगात आला की चपला पायात सरकवायच्या आणि दारातून म्हणायचं, "येतो लेण्यांपर्यंत जाऊन." परत आलात की चेहरा इतका शांत असायचा की मला वाद पुन्हा काढायची लाज वाटायची. त्या शांततेचं कारण मला आता कळलंय, आणि म्हणूनच हे लिहिणं चाललंय.

आपली नातवंडं, उत्पला आणि सुमेध, हे वाचणार आहेत. सुमेधला मराठी वाचायला वेळ लागतो, म्हणून मी सोपं लिहीन. उत्पलाला विचारलं, तुझं नाव घालू का? ती म्हणाली, "घाल आजी, पण माझी कीव येईल असं नको लिहूस." तुमच्याबद्दल तिने अशी काही अट घातली नाही.

मुलांनो, तुम्ही सुट्टीत भद्रावतीला यायचात तेव्हा पानठेल्यांवर लटकलेल्या प्लास्टिकच्या पन्नीच्या छोट्या पुड्या पाहिल्या असतील. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून घोटायचं, की खर्रा तयार. आमच्याकडे तो चहासारखा पुढे करतात. लग्नात ताटात येतो, मयताला आलेल्यांच्या हातातही येतो. तुमचे आजोबा ऊर्जानगरच्या वीजकेंद्रात होते. रात्रपाळीत डोळा लागू नये म्हणून तिथे सगळ्यांच्या गालात खर्रा असायचा. डोळा लागणं धोक्याचं होतं, हे मलाही मान्य होतं. मी इंग्रजी शिकवायची, सकाळची शाळा असायची. मी निघताना तुम्ही पाळी संपवून घरी यायचात आणि क्वार्टरच्या पायऱ्यांवर आपण एकमेकांना डबा आणि किल्ली द्यायचो. तुम्ही बोलायचा नाहीत, तोंड भरलेलं असायचं. कितीतरी वर्षं आपला सकाळचा निरोप मानेनेच झाला.

निवृत्तीनंतर तुम्ही वडा मोडून खायला लागलात. आधी अख्खा तोंडात घालणारा माणूस. मी विचारलं तर म्हणालात, "गरम हाये." थंड वडाही मोडलात तेव्हा मी तुम्हाला नागपूरला नेलं. डॉक्टरांनी सांगितलं, तीन बोटं उभी करून तोंडात घाला. दोनच गेली. गालाच्या आतली कातडी ताठ झाली होती. डॉक्टर म्हणाले, खर्रा आजपासून बंद, नाहीतर पुढे काय होतं ते मी सांगायची गरज नाही. परतीच्या बसमध्ये तुम्ही खिशातली पुडी काढून माझ्या हातात दिलीत. वरोऱ्याच्या स्टँडवर मी ती कचऱ्यात टाकली. तुम्ही माझ्याकडे पाहत होतात, पुडीकडे नाही. त्या नजरेवर मी पुढची सगळी वर्षं विश्वास ठेवला.

मग मी कामाला लागले. तुम्हाला माहीत आहे मी कशी कामाला लागते. तिखटाने तुमचं तोंड पोळायचं, म्हणून स्वयंपाकघरातून लाल मिरची गेली. पाहुणे आले तरी फिकी भाजी. प्रशांत कॅनडाहून आला तेव्हा म्हणाला, "आई, हे दवाखान्यातलं जेवण आहे." मी म्हटलं, मग दवाखान्यात आलास असं समज. खर्ऱ्याची आठवण आली की खायला भाजलेली जवस आणि सुकवलेला आवळा, प्रत्येक खिशात एक डबी. आणि सकाळी काड्या. आईस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या, तोंड ताणलेलं ठेवायचं, जमलं की आणखी एक काडी सरकवायची. तेवढा वेळ मी तुम्हाला वर्तमानपत्र वाचून दाखवायची. अग्रलेखाशी तुमचं पटलं नाही की तुम्ही भुवई उडवायचात आणि मी मुद्दाम तो परिच्छेद पुन्हा वाचायची. तुम्हाला उत्तर देता येत नव्हतं. आपल्या संसारातला तो सगळ्यात सुखाचा वेळ होता, हे मी तेव्हाच म्हणायला हवं होतं. आता म्हणते. त्याबद्दल मी ऋणी आहे, आणि तेच मला सगळ्यात जास्त टोचतंय.

तिसरं बोट तोंडात गेलं त्या दिवशी तुम्ही अंगणात येऊन मला दाखवलंत, शाळेतल्या मुलासारखं तोंड वासून. मी हातातला झाडू टाकला. तुम्ही हसून म्हणालात, "पाह्य, झालो पास."

मी सगळ्यांना सांगितलं. शाळेतल्या जुन्या सहकाऱ्यांना, विहारातल्या बायकांना, प्रशांतला. आपल्या भागात दारू सोडलेल्या माणसांचा सत्कार होतो, खर्रा सोडलेल्याचं कोणाला कौतुक नाही, त्याचाही व्हावा, हे मीच महिला मंडळाला सुचवलं. त्यांनी शाल-श्रीफळ ठरवलं. तुम्ही म्हणालात, "नको. कायले उगा."

"का नको?"

"लोकं हासतीन."

"हसू देत. एकाने जरी सोडला तरी पुरे."

तुम्ही खिशातली आवळ्याची डबी काढून उघडलीत, मिटलीत. मग म्हणालात, "मले बोलता येत नाई. तू लिहून दे."

मी लिहून दिलं. तुम्ही पाठ केलंत. माझी वाक्यं तुमच्या तोंडून ऐकताना मला फार बरं वाटलं. "मोहाचा क्षण येतो आणि जातो, आपण तिथेच उभे असतो," असं एक वाक्य होतं. त्याला टाळ्या पडल्या. तुम्ही खाली पाहिलंत. मी ते विनय समजले.

त्यानंतर उत्पलाचं कळलं. प्रशांतचा फोन आला, तो रडत होता. तिची नोकरी गेली होती, ती एकटी राहून पीत होती, शेवटी मैत्रिणीने दवाखान्यात नेलं. आता उपचार चालू होते, तिच्यासारख्यांच्या गटातही ती जायची, पण आठवड्याच्या शेवटी तिला फार कठीण जायचं. तिथली शनिवारची संध्याकाळ म्हणजे आपली रविवारची सकाळ. मी म्हटलं, ठीक आहे, वंदनेला जायच्या आधी दर रविवारी तिला फोन करायचा. मी नाही, तिचे आजोबा करतील. ज्याने सोडलंय त्यानेच बोलावं.

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "मी?"

"मग कोण?"

तुम्ही फोन घेऊन मागच्या अंगणात गेलात. मी दार लोटून घेतलं. मला वाटलं, त्या दोघांचं खासगी आहे, मध्ये कोणी नको. दर रविवारी मी दार लोटत आले. तुम्ही कधी हसताना ऐकू यायचात, कधी बराच वेळ काहीच नाही. उत्पला सावरत गेली. तिला पुन्हा काम मिळालं. मी विहारात बायकांना सांगायची, आजोबांचा आदर्श समोर आहे ना तिच्या.

आता तुम्ही गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाचा दिवस.

अंगणात पांढरा मंडप घातला होता. बौद्धाचार्यांनी त्रिशरण, पंचशील म्हणवून घेतलं. पाचवं शील म्हणजे नशेपासून दूर राहण्याचं. ते म्हणताना मी तुमच्या फोटोकडे पाहिलं, आणि सांगायला हरकत नाही, अभिमानाने पाहिलं. मग एकेक जण फुलं वाहायला उठला. तुमच्या शिफ्टमधले वामनभाऊ आले. ते आता जवळच्याच गावी शेती करतात, तुमच्या संध्याकाळच्या फिरण्यातले सोबती. त्यांनी फूल ठेवलं, हात जोडले आणि सदऱ्याच्या खिशातून एक पुडी काढून मेणबत्तीशेजारी अलगद ठेवली. पन्नीची, वर रबर गुंडाळलेलं.

मी जवळ गेले. "वामनभाऊ, हे काय?"

"खर्रा होय, बाई. ताजा घोटून आनला." ते अगदी हळू बोलत होते. "आमच्यात तेरवीले मानसाच्या आवडीचं ठेवतेत. तुमच्यात चालते का नाई, मले मालूम नाई. पन मधुभाऊले याच्याबिगर दुसरं काय आवडे?"

"त्यांनी सोडला होता."

वामनभाऊंनी मागे वळून बायकोकडे पाहिलं. इंदिराबाईंनी त्यांची बाही ओढली. "चाला जी. लोकं खोळंबून राह्यले."

ती पुडी मी उचलली नाही. लोक येत होते, वाकत होते, पुडी दिसत होती, आणि एकाच्याही चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. तेव्हा मला कळलं. पुडीने नाही, त्या चेहऱ्यांनी.

जेवणं झाल्यावर वामनभाऊ नळापाशी हात धूत होते. मी तिथे जाऊन उभी राहिले. एकदा कोणी समोर उभं राहिलं की खोटं बोलता येत नाही, असे ते आहेत. तुमच्यापेक्षा बरे.

"बाई, तुमाले खरंच मालूम नोहतं?"

"नाही."

"मले वाटे, तुमाले समदं मालूम हाये. एवढ्या हुशार बाई. मनात म्हनो, पाहूनबी न पाह्यल्यासारखं करून राह्यल्या."

"कधीपासून?"

"दोन वर्स तं खरंच सोडला होता, तुमची शपत. मंग तिकडे माह्या पुतन्याच्या लग्नात ताट समोर आलं अन घेतला एक. तिथूनच झालं."

"रोज?"

"रोज नाई जी. हप्त्यातून दोनदा, तीनदा. लेन्याच्या पायथ्याशी बसून एक पुडी दोघांत. त्यातलीबी अर्धी थुकून दे. मी म्हनो, भाऊ, बाईले सांगून टाका. तं म्हने, पोळा झाल्यावर सांगतो. पोळा झाला का म्हने, दिवाळी झाल्यावर."

"आणि तुम्ही? तुम्ही का नाही सांगितलंत?"

"मी कायले सांगू? मी तं सोडलाच नोहता, बाई."

इंदिराबाई लांबून म्हणाल्या, "आता गप राहा ना. मेल्या मानसाची अजून किती इज्जत काढता?" वामनभाऊ म्हणाले, "मी कुठी काढली? मी तं ठेवली ना, पुडी." त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. मला हसू आलं नाही, पण तुम्हाला आलं असतं.

म्हणजे लेण्यांपर्यंत जाऊन येणं हे होतं. विजासनच्या लेण्यांमध्ये भगवंतांसमोर बसून तुम्ही मन शांत करता, असं मी लोकांना सांगत होते. तुम्ही पायथ्याशी दगडावर बसून वामनभाऊंबरोबर पुडी उघडत होतात. मग वास जावा म्हणून तिथल्या पेरूची पानं चघळत घरी यायचात. पेरूच्या पानांनी हिरड्या बळकट होतात, हे तुम्ही मला सांगितलंत आणि मी ते प्रशांतला, सुमेधला, उत्पलाला सगळ्यांना कळवलं. अहो, निदान तेवढं तरी माझ्या तोंडून वदवून घ्यायचं नव्हतं.

तुम्ही खर्रा खाल्लात याचा राग नाही, असं म्हणणार होते. पण राग आहे, त्याचाही आहे. तुम्ही त्याने गेला नाहीत, छातीच्या दुखण्याने गेलात, हेही मला माहीत आहे. डॉक्टरांनी सांगितलं, याचा त्याचा संबंध लावत बसू नका. मी लावत नाही. पण तुम्ही सकाळी माझ्यासमोर तोंडात काड्या धरून बसायचात आणि संध्याकाळी तेच तोंड. मी तुमचा गाल बॅटरीच्या उजेडात तपासायची, डाग आहे का पाहायची, आणि डाग नसला की मला वाटायचं, हे आपण दोघांनी मिळवलं. त्या उजेडात तुमचे डोळे मिटलेले असायचे. तुम्ही म्हणायचात, उजेड डोळ्यांत जातो.

सगळ्यात मोठा राग उत्पलाच्या बाबतीतला होता. ज्या मुलीचा जीव एका उदाहरणावर टांगलेला होता, तिला तुम्ही दर रविवारी खोटं उदाहरण दिलंत. तिला कळलं तर ती पुन्हा पिईल, या भीतीने मी ठरवलं की तिला कधीच कळता कामा नये. प्रशांतला सांगायचं नाही, वामनभाऊंनाही बजावायचं. तुमचं खोटं मी पुढे चालवायचं, असं माझं मीच ठरवून टाकलं.

रविवारी सकाळी तिचा फोन आला. मी आवाज नेहमीसारखा ठेवला. किती लोक आले, बौद्धाचार्य काय बोलले, सगळं सांगितलं. ती ऐकत होती. मग तिने विचारलं, "आजी, वामनआजोबा आले होते?"

"तुला वामनभाऊ कसे माहीत?"

ती गप्प झाली. तिची ती शांतता अगदी तुमच्यासारखी आहे.

"आजी, तुला कळलं ना?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "पहिल्याच फोनपासून. मी खूप घाबरले होते, मला वाटलं आजोबा आता लेक्चर देणार. तर ते म्हणाले, 'तुझ्या आजीले वाटते तसा मी नाई, पोरी. परवाच खाल्ला. तू कधी पेलीस?' मी सांगितलं. ते म्हणाले, 'बरं. आता पुढच्या रविवारपर्यंत पाहू दोघंबी.' असंच चाललं होतं आमचं. कधी मी घसरायचे, कधी ते. मागच्या वर्षी मी बरेच महिने नीट होते, तेव्हा ते म्हणाले, 'तू तं लई समोर निंगून गेलीस, आता मलेबी पळाव लागते.' आणि त्यांनी कमी केलं होतं, आजी. खरंच."

"मला का नाही सांगितलं?"

"मी म्हटलं होतं त्यांना. खूपदा."

"काय म्हणाले?"

तिला सांगायचं नव्हतं. मी पुन्हा विचारलं.

"म्हणाले, 'तुझी आजी मास्तरीन होय. तिले पास अन नापास दोनच समजतेत.'"

तुम्ही हे माझ्या नातीला सांगितलंत. मागच्या अंगणात बसून, मी तुमच्यासाठी लोटलेल्या दाराच्या पलीकडून. म्हणजे वामनभाऊंना माहीत होतं, इंदिराबाईंना माहीत होतं, सात समुद्रांपलीकडच्या मुलीला माहीत होतं. जिने मिरची सोडली, तेवढ्या एकीला माहीत नव्हतं. उत्पलाला खोटं उदाहरण मिळालं नव्हतं, खरं मिळालं होतं. खोटं मिळालं ते मला. याबद्दल मी तुमचे आभार मानू की काय करू? ती जिवंत आहे, कामाला जाते, यात तुमचा वाटा आहे, आणि तो मी हिरावून घेणार नाही. पण मी पास-नापासशिवाय काही समजत नाही, हे ठरवायच्या आधी मला एकदा विचारायचं होतंत. उत्तरपत्रिका न देताच तुम्ही मला नापास केलंत, मधुकरराव.

हा वाद आता अर्धाच राहील. तुम्ही असता तर चपला घातल्या असत्या.

फोन ठेवताना उत्पलाने विचारलं, "आजी, आता मी कोणाला सांगू?"

"मला."

"तुला?" ती म्हणाली. "आजी, तू रागावशील."

"रागावेन. तरी सांग."

पुढच्या रविवारी तिने सांगितलं. बुधवारी प्यायली होती. तुमच्या आठवणीने, असं म्हणाली नाही, पण मला कळलं. माझ्या तोंडात सगळी वाक्यं आली, वर्गातली, भाषणातली, तुमच्यासाठी लिहिलेलं ते टाळ्यांचं वाक्यसुद्धा. मी तोंड मिटून घेतलं. मग विचारलं, "अशा वेळी आजोबा काय म्हणायचे?"

"काहीच नाही. ते त्यांचं सांगायचे."

मी म्हटलं, माझं तर काही सांगण्यासारखं नाही. मी आयुष्यात सुपारीसुद्धा खाल्ली नाही.

ती म्हणाली, "बरं." आणि आता ही फोन ठेवणार, हे मला तिच्या श्वासावरून कळलं. एकदा ठेवला की ती पुढच्या रविवारी नीट असल्याचं सांगेल, आणि त्याच्याही पुढच्या. तुम्ही मला सांगायचात, तसं.

मी म्हटलं, "थांब. एक आहे."

गुरुवारी महिला मंडळाच्या अध्यक्षाबाई आल्या होत्या. त्यांना तुमच्या नावाने दरवर्षी एक व्याख्यान ठेवायचं आहे, व्यसनमुक्तीवर. पहिल्या वर्षी मी बोलावं, असं म्हणाल्या. साहेबांनी एकदा सोडला तो पुन्हा कधी हातात घेतला नाही, हे तुमच्या तोंडून लोकांना ऐकायचंय, म्हणाल्या. त्या बशीतला शिरा खात होत्या. माझ्या मनात सगळं तयार होतं, एक साधं वाक्य होतं, त्यांनी पुन्हा घेतला होता.

"मग?" उत्पलाने विचारलं. "तू काय सांगितलंस?"

"हो म्हटलं."

"आजी."

"हो म्हणून बसले. फलकावर तुझ्या आजोबांचा कोणता फोटो घ्यायचा, तेही सांगितलं."

मग ती हसली. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा, अगदी श्वास लागेपर्यंत हसली, आणि हसता हसता रडायला लागली, आणि रडत रडत म्हणाली, "आता गं काय करशील?"

"माहीत नाही," मी म्हटलं.

मी हसले नाही. तुमच्यावरचा राग होता तेवढाच आहे. वंदनेची वेळ होऊन गेली होती, शेजारच्या बाई फाटकाशी येऊन हाक मारत होत्या. मी त्यांना हातानेच पुढे जा म्हणून खुणावलं आणि फोन कानाशी धरून बसून राहिले.